आधीं गल्ली, मग गल्ला

चालू दुकान विकणें आहे, अशा अर्थाच्या दोन ओळी मुंबईच्या वर्तमानपत्रांतून पिढ्यान् पिढ्या छापल्या जात आल्या आहेत. त्या वाचून जो मनुष्य दुकान पाहावयास निघतो, तो बहुधा मोठा भांडवलवाला नसतो. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम नुकतीच हातीं आलेला एखादा कारकून, कोंकणांतील जमिनीचा तुकडा विकून आलेला एखादा तरुण, किंवा पतीच्या पश्चात् मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणारी एखादी विधवा, अशांपैकीं कोणीतरी तो असतो. मोठ्या व्यापाऱ्याचा एक सौदा फसला तर दुसऱ्यांत भरून निघतो. या लहान माणसाचा सौदा आयुष्यांत एकच असतो, आणि तो फसला म्हणजे मुलीचें लग्न, मुलाचें कॉलेज व म्हातारपणची भाकरी हीं तिन्ही एकदम जातात.

असा मनुष्य दुकानांत शिरला म्हणजे काय पाहतो? कपाटें शिसवी आहेत कीं साधीं, तराजू नवा आहे कीं जुना, माळ्यावर माल किती आहे, वहींत रोजची विक्री किती मांडली आहे, हें तो बारकाईनें पाहतो. पाहावें हें योग्यच. परंतु दुकान ज्याच्यावर चालतें तें गिऱ्हाईक कपाटांत ठेवलेलें नसतें. तें उंबऱ्याबाहेरून येतें, आणि कां येतें, कोठून येतें व उद्यां येईल कीं नाहीं, हें त्या वस्तीवर अवलंबून असतें. दुकान विकत घेणारा खरोखर वस्तीचा एक तुकडाच विकत घेत असतो. मात्र खरेदीखतांत तिचा उल्लेख नसतो. मुंबई शहराचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहिला, तर लहान दुकानदारास त्यांतून पुष्कळ शिकतां येण्यासारखें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईचा व्यापार मुख्यतः कोटाच्या आंत होता. दिनांक १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांतील दाट वस्तीला भयंकर आग लागली व गांवाचा मोठा भाग भस्मसात् झाला. त्यानंतर लोकांनीं कोटाबाहेर राहावें असा सरकारचा कल झाला, आणि मैदानापलीकडे भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी या बाजूंस वस्ती झपाट्यानें वाढली. तरीहि कोटाच्या वेशींना महत्त्व होतेंच. अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट या तीन वाटांखेरीज आंत-बाहेर जाण्यास सोय नसल्यामुळें वेशीजवळच्या दुकानदाराला गिऱ्हाईक शोधावें लागत नसे. भिंतच तें त्याच्या दारापाशीं आणून सोडीत असे. पुढें सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, १८६२ पासून, हा तट पाडण्यास प्रारंभ झाला आणि थोड्याच वर्षांत तो नाहींसा झाला. चर्चगेट हें नांव आजहि कायम आहे. ती वेस मात्र उरली नाहीं. भिंतीच्या बळावर चालणारा धंदा भिंतीबरोबरच जावयाचा, हा पहिला धडा. ज्या कारणानें वाटसरू आपल्या दारावरून जातो, तें कारण किती टिकाऊ आहे, हें पाहिल्यावांचून वाटसरूंची संख्या मोजणें व्यर्थ होय.

याच सुमारास, १८६३ सालीं, गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालें. शहर तेव्हां ऐन भरांत आलें होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. त्या वर्षीं ज्यानें एखादें दुकान घेतलें असेल, त्याला गर्दी पाहून धन्यता वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु १८६५ च्या वसंतऋतूंत युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हां मोठमोठ्या पेढ्या बसल्या. १८७२ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच आढळली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें कमी झालीं! गर्दी म्हणजे वस्ती नव्हे, हें या दोन आंकड्यांइतकें स्पष्टपणें दुसरें कशानें सांगतां येईल? वस्तीला चूल असते, पाळणा असतो, शाळेत जाणारें मूल असतें. गर्दीला फक्त परतीची वाट असते.

त्यानंतरचें युग वाहनांचें. १८५३ च्या एप्रिलमध्यें बोरीबंदर ते ठाणें अशी आगगाडी सुरू झाली होती. १८६९ सालीं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, उभें राहिलें. आणि ९ मे १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या कुलाबा व बोरीबंदर येथून पायधुणीपर्यंत धावूं लागल्या. १९०७ सालीं ट्राम विजेवर चालूं लागली. ट्रामच्या थांब्यावर माणूस पांच मिनिटें उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस हें चालत्या माणसापेक्षां निराळें गिऱ्हाईक असतें. चालणारा भुकेला असला तरच थांबतो. थांबलेल्याला मात्र सुवासानें भूक लागते.

हें मर्म ज्यांनीं ओळखलें त्यांत इराणी हॉटेलवाल्यांची गणना प्रथम करावी लागेल. इराणांतील यझ्द व केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं. धोबीतलावाचें कयानी १९०४ चें, ग्रँट रोड स्टेशनाजवळचें मेरवान १९१४ चें. कोपऱ्यावरची जागा हिंदु दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्याला मिळाली, अशी आख्यायिका सर्वतोमुखीं आहे. आख्यायिका कशीहि असो, जागेचा गुण उघड आहे. नाक्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांवर दारें काढतां येतात, दोन्हींकडून उजेड व वारा येतो, आणि दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक एका गल्ल्यांत पडतें. स्टेशन, ट्रामचा थांबा, गिरणीचें फाटक किंवा न्यायकचेरी यांपैकीं एखादें ठिकाण पावलांच्या अंतरावर असेल, तर संगमरवरी टेबलाभोंवतीं पहाटेपासून माणूस हटत नाहीं. इराण्यानें जागा घेतांना रस्त्याची पाटी न वाचतां पावलांची दिशा वाचली, असेंच म्हटलें पाहिजे.

मात्र वाहन गिऱ्हाईक आणतें तसेंच नेतेंहि. कुलाब्याचें उदाहरण बोलकें आहे. एके काळीं कुलाबा हें पश्चिमेकडील रेल्वेचें शेवटचें स्टेशन होतें, आणि कापसाचा बाजारहि तेथेंच भरे. गाडीवान, हमाल, तोलारी, दलाल व प्रवासी यांची तेथें सदैव वर्दळ असे. १९२० नंतरच्या दशकांत कापसाचा व्यापार शिवडीकडे गेला. तिकडच्या स्टेशनाला ‘कॉटन ग्रीन’ हें नांव पडलें तें याच व्यापारावरून. पुढें डिसेंबर १९३० मध्यें बॉम्बे सेंट्रल स्टेशन उघडलें आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाब्याचें स्टेशन बंद झालें. दुकान जागच्या जागीं राहिलें. कापूस एका दिशेनें गेला आणि आगगाडी दुसऱ्या दिशेनें थांबली. ट्रामचीहि तीच गत झाली. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदरहून दादरला गेलेली ट्राम ही मुंबईची शेवटची ट्राम ठरली. दादरच्या चौकाला लोक अजूनहि ‘टी. टी.’ म्हणतात, त्यांतील एका ‘टी’चा अर्थ ट्राम हा होता, हें तरुण पिढीस सांगावें लागतें. पण दादर कुलाब्याप्रमाणें ओसरलें नाहीं. दोन रेल्वे तेथें एकमेकींस भेटत होत्या, आणि मुख्य म्हणजे भोंवतीं माणसें राहावयास आलीं होतीं.

तीं कशीं आलीं, याची कथा दुःखद आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगश यांना गांठीच्या तापाचे रोगी आढळले. तो ताप म्हणजे प्लेग होता. पुढच्या कांहीं महिन्यांत मुंबई सोडून जाणाऱ्यांच्या रांगा स्टेशनांवर व बंदरांवर लागल्या. दुकानांना कुलुपें पडलीं, घरांवर खुणा झाल्या, उधारीच्या वह्यांतील नांवें एकेक करून पुसलीं जाऊं लागलीं. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ सालीं ७,७६,००६ वर आली. अशा वेळीं मांडवींतील दुकान कोणी कवडीमोलानें देऊं केलें असतें, तर तें घेणाऱ्याला लोकांनीं वेड्यांत काढलें असतें. परंतु १९०६ च्या गणनेंत शहराची लोकसंख्या ९,७७,८२२ भरली. पांच वर्षांत दोन लाखांनीं वाढ झाली. आणि मांडवीचा धान्यबाजारहि पुन्हां गजबजला. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. १८८० सालीं बांधलेली प्रिन्सेस गोदी व १८८८ सालची व्हिक्टोरिया गोदी मांडवीच्या दाराशींच होत्या. रोगानें माणसें पळालीं. पण ज्या कामासाठीं तीं तेथें आलीं होतीं तें काम पळालें नव्हतें. भीतीनें ओस पडलेली वस्ती व उपजीविका तुटल्यानें ओस पडलेली वस्ती या दोहोंतील भेद ज्याला कळतो, त्याला पडत्या भावांत घेतलेलें दुकान तारतें. ज्याला कळत नाहीं त्याला तेंच बुडवितें.

प्लेगनंतर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्या पाडून वारा खेळेल असे रस्ते काढणें आणि उत्तरेकडे नव्या वसाहती वसविणें हें तिचें काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमद अली रोड हे रस्ते त्यांतूनच निघाले. दादर-माटुंगा भागांतील हिंदु कॉलनी व पारशी कॉलनीहि त्यांतूनच वसल्या. १९३३ सालीं ट्रस्टचें काम म्युनिसिपालिटीकडे गेलें. या कामानें शहराचें कल्याण झालें यांत संशय नाहीं. परंतु लहान दुकानदाराच्या बाजूनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. रस्त्याखालीं जाणाऱ्या इमारतीचा मोबदला इमारतीच्या मालकास मिळतो. चार पिढ्यांचें जोडलेलें गिऱ्हाईक पांगलें तर त्याचा मोबदला कोणत्या तराजूनें मोजावयाचा? रस्त्याची रेषा ठरविण्याचा अधिकार म्युनिसिपालिटीस १८८८ च्या कायद्यानेंच मिळालेला आहे. ती रेषा दुकानाच्या भिंतीवर दिसत नाहीं. म्युनिसिपल कचेरींतील नकाशावर दिसते. आजहि शहराचा विकास आराखडा, जो २०१८ सालीं मंजूर झाला व २०३४ पर्यंतचा म्हणून ओळखला जातो, तो कोणाहि नागरिकास पाहतां येतो. दुकानाच्या रंगरंगोटीवर दोन तास खर्च करणाऱ्यानें या नकाशावर अर्धा तास खर्च केला, तर त्याचे कित्येक वर्षांचे अश्रू वांचण्याचा संभव आहे.

उलट, नवी वसाहत वेळींच ओळखल्यानें भाग्य उदयास आल्याचींहि उदाहरणें आहेत. माटुंग्यास दक्षिणेकडील कारकून, हिशेबनीस व टंकलेखक मोठ्या संख्येनें राहूं लागले, तेव्हां त्यांना घरच्यासारखा भात व सांबार देणाऱ्यास गिऱ्हाईक शोधावें लागणार नव्हतें. १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं माटुंगा स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें तें याच वस्तींत. स्टेशनाची वर्दळ आणि ओळखीच्या चवीला आसुसलेली कायमची वस्ती, असा दुहेरी योग तेथें होता. एका आधारावर उभें राहणाऱ्या दुकानापेक्षां दोन आधारांवर उभें राहणारें दुकान वादळांत अधिक टिकतें.

एकाच आधाराचें काय होतें, हें मुंबईच्या गिरणगांवानें दाखविलें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली. तेथून परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांचीं धुराडीं उगवलीं. कोंकणांतून व घाटावरून पुरुष एकटे येत. शहरांत पुरुषांच्या मानानें स्त्रियांची संख्या कित्येक दशकें जवळजवळ निम्मीच होती. एका खोलींत दहाबारा माणसें पाळीपाळीनें झोपत आणि महिन्याच्या बोलीनें खानावळींत जेवत. म्हणून गिरणगांवांत दुकान घेणाऱ्यास घड्याळ व पंचांग दोन्हीं निराळीं वाचावीं लागत. गिरगांवांतील कारकुनाचा पगार पहिल्या तारखेस होई. गिरणींत मात्र पगार पुढच्या महिन्यांत बराच मागें पडत असे. १९३६ च्या कायद्यानें हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत दहाव्या दिवसापर्यंत पगार देणें बंधनकारक झालें. तोंवर वाण्याचें तांदूळ, डाळ व रॉकेल उधारीवरच जाई. शिमग्याला व गणपतीला अर्धी चाळ कोंकणांत गेली, कीं दुकानांत माशा मारण्याची पाळी येई. तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर चहाचें आधण ठरत असे.

या वस्तींत दुकान घेणें म्हणजे उधारीची वही घेणें होय. ती वही वाचतां आली पाहिजे. उधारी मोठी आहे म्हणून भिण्याचें कारण नाहीं. ती दर महिन्याच्या पगारानंतर उतरते कीं नाहीं, हें पाहावयाचें. १९२८ सालीं गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुमारें सहा महिने चालला. त्या काळांत कामगारांना जगविण्यांत नाक्यावरच्या वाण्याच्या उधारीचा मोठा वाटा होता. वाण्यानें तें केवळ भूतदयेनें केलें असें नव्हे. संप मिटल्यावर गिरणी चालू होणार, आणि गिरणी चालू झाली कीं वही उतरणार, हा त्याचा हिशेब होता. तो हिशेब १९२८ सालीं बरोबर ठरला, आणि १९५० सालच्या दोन महिन्यांच्या संपांतहि बरोबर ठरला.

मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. वाण्यांनीं पूर्वीप्रमाणेंच वह्या उघडल्या. खानावळवाल्या बायांनीं पूर्वीप्रमाणेंच ताटें वाढलीं. या बाया बहुधा स्वतः कामगारांच्याच घरांतील. त्यांच्या संघटनेसाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें होतें. एकेका बाईच्या अंगावर पांचदहा माणसांचें जेवण असे, आणि त्या जेवणाचा शिधा वाण्याकडून उधारीवर येत असे. गिरणीचा पगार कामगाराकडे, कामगाराचा पैसा खानावळीकडे, खानावळीचा वाण्याकडे, वाण्याचा मांडवीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, अशी ती सांखळी होती. वर्ष गेलें, दीड वर्ष गेलें; संप रीतसर मागें घेतल्याची घोषणा कधींच झाली नाहीं. अनेक गिरण्या पुन्हां सुरू झाल्याच नाहींत, आणि ज्या सुरू झाल्या त्यांत पूर्वींइतके हात लागले नाहींत. कामगार गांवीं परतले. सांखळीची पहिली कडी तुटतांच शेवटची कडीहि हातांतून गळाली. वह्या तशाच राहिल्या.

येथें वाण्याची चूक कोणती, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्यानें माणसें ओळखण्यांत चूक केली नव्हती. त्याचें गिऱ्हाईक प्रामाणिक होतें. त्यानें मागच्या अनुभवाचा दाखलाहि घेतला होता. फक्त एक गोष्ट त्याच्या वहींत नव्हती. गिरण्यांचीं यंत्रें जुनीं झालीं होतीं, भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग स्वस्त कापड काढीत होते, आणि गिरणीच्या इमारतीपेक्षां तिच्याखालची जमीन अधिक मोलाची होऊं लागली होती. मालकाला गिरणी चालविण्याची निकड उरली नसेल, तर संप किती दिवस चालेल या प्रश्नाला अर्थच उरत नाहीं. म्हणून वस्ती पारखणाऱ्यानें केवळ गिऱ्हाईक पाहून भागत नाहीं. गिऱ्हाईकाला पगार देणाऱ्याची प्रकृतीहि पाहावी लागते.

जागेच्या कायद्याची गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व प्रमाण भाडें सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधलें गेलें. भाडेकरूचें त्यामुळें रक्षण झालें. पण भाडें गोठलें आणि जागेची खरी किंमत वाढतच राहिली, तेव्हां मधला फरक पागडीच्या रूपानें हातोहात फिरूं लागला. भाडेकरूनें जागा परस्पर दुसऱ्याच्या नांवें करणें कायद्यानें मना होतें; मात्र चालता धंदा माल व लौकिक यांसह विकला जात असेल तर त्याबरोबर जागेचा हक्क देण्याची सवलत होती. याचा परिणाम असा झाला, कीं पुष्कळशा खरेदीखतांत ‘चालता धंदा’ हे शब्द झळकत आणि प्रत्यक्षांत चार रिकामे डबे व एक मोडका बांक एवढाच धंदा असे. पागडीची रक्कम पावतीवांचून दिली जाई. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, तेव्हां कुठें अशी रक्कम घेणें कायदेशीर ठरलें. ज्याला खरोखर धंदा विकत घ्यावयाचा आहे, त्यानें आपण लौकिकाचे पैसे देतों आहोंत कीं भिंतींचे, हें मनाशीं स्पष्ट केलें पाहिजे. भिंतींचे देत असल्यास धंद्याच्या वह्या पाहून भुलूं नये. लौकिकाचे देत असल्यास तो लौकिक जुन्या मालकाबरोबर निघून तर जाणार नाहीं ना, हें विचारावें.

आज परळ भागांत धुराडीं जवळजवळ दिसत नाहींत. १९९१ च्या विकास नियमांनीं व २००१ मधील त्यांच्या दुरुस्तीनें गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होत गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारांत प्रचंड बाजारपेठ उभी राहिली. लोअर परळला कचेऱ्यांचे मनोरे झाले. दुपारच्या वेळीं तेथें पुन्हां हजारों माणसें जेवणासाठीं बाहेर पडतात. पण महिन्याच्या बोलीनें पाटावर बसणारें गिऱ्हाईक तें नव्हे, आणि शनिवारीं व रविवारीं रस्ते सामसूम होतात. खानावळ चालविणाऱ्या एखाद्या कुटुंबानें दुकान एक फूटहि हलविलें नसेल. तरी वस्तीच त्याच्या पायाखालून हलली आहे. गिरगांव व काळबादेवीच्या दुकानदारांनीं आणखी एक प्रकार अनुभवला. भुयारी मेट्रोचें खोदकाम २०१७ च्या सुमारास सुरू झालें आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्यें खुला झाला. मधलीं वर्षें पत्र्याच्या कुंपणाआड गेलीं. मेट्रोनें पुढें गिऱ्हाईक येईल हें खरें. पण सात-आठ वर्षें तग धरण्याइतकी गंगाजळी ज्याच्यापाशीं होती, त्यालाच तें पाहावयास मिळालें.

या सर्व इतिहासांतून दुकान घेणाऱ्यानें काय घ्यावें? प्रथम, वस्ती एकदां पाहून भागत नाहीं. विकणारा ज्या वेळीं बोलावतो ती वेळ त्याच्या सोयीची असते. म्हणून न सांगतां जावें. पहाटे जावें, भर दुपारीं जावें, रात्रीं दुकानें बंद होतांना जावें. पगाराच्या आठवड्यांत एकदां जावें व महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एकदां जावें. या दोन भेटींतील अंतर म्हणजे वस्तीच्या ऐपतीचें माप होय. भर पावसांत एकदां अवश्य जावें. परळच्या हिंदमाता भागांत पाणी तुंबतें हें मुंबईकरांना ठाऊक आहे. पण उन्हाळ्यांत दुकान पाहणाऱ्याला ती कोरडी जमीन कांहीं सांगत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां माळ्यावर माल ठेवणारे दुकानदार व जमिनीवर ठेवणारे दुकानदार यांच्या नशिबांतील फरक कांहीं तासांत दिसून आला.

दुसरें, शेजारचीं दुकानें पाहावींत. एकाच धंद्याचीं पांच दुकानें शेजारीं असलीं तर घाबरण्याचें कारण नाहीं. १८७४ पासूनच्या मुळजी जेठा मार्केटांत कापडाला कापड लागून आहे, आणि म्हणूनच लांबून गिऱ्हाईक तेथें येतें. मात्र एकाच जागीं तीन वर्षांत तीन पाट्या बदललेल्या असतील, तर त्या जागेविषयीं शेजारच्या चांभाराला, पानवाल्याला व दूधवाल्याला विचारावें. या तिघांना वस्तीची कुंडली पाठ असते. जो दुकान सोडून गेला त्याचा पत्ता मिळाल्यास त्याला जाऊन भेटावें. विकणारा सांगेल त्यापेक्षां जाणारा अधिक खरें सांगतो.

तिसरें, वस्ती कशावर जगते तें विचारावें. एका गिरणीवर, एका कचेरीवर, एका कॉलेजावर ती जगत असेल, तर तो धंदा नसून पैज आहे असें समजावें व पैजेला शोभेल एवढीच रक्कम लावावी. स्टेशन, शाळा, देऊळ, इस्पितळ व राहतीं घरें असे पांच-सहा झरे जेथें एकत्र येतात, तेथें एक आटला तरी दुकान कोरडें पडत नाहीं. दादर आजवर टिकलें तें याच कारणानें. आणि शेवटीं, सर्व पैसा दुकानांत घालूं नये. वस्ती फिरण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ काढण्यास जवळ कांहीं शिल्लक असावी लागते.

याखेरीज एक गोष्ट खरेदीखतांत नसते व नकाशांतहि नसते. दुकानदार वस्तीवर जगतो, त्याचप्रमाणें वस्तीहि थोडीबहुत दुकानदारावर जगत असते. रात्रीं उशिरापर्यंत दिवा जळणारें दुकान गल्लीला निर्भय करतें. शाळेतून येणाऱ्या मुलाला आई येईपर्यंत बसावयास देणारा वाणी, तारेचा निरोप ठेवून घेणारा हॉटेलवाला, संपाच्या दिवसांत ताट न अडविणारी खानावळवाली, यांनीं मुंबईच्या कित्येक गल्ल्यांना वस्तीचें रूप दिलें. गिरणगांवांतील त्या बायांच्या वह्या उतरल्या नाहींत हें खरें. परंतु त्यांच्या ताटांत जेवलेल्या माणसांनीं गांवाकडे नेलेल्या आठवणींत त्या वह्यांची नोंद अद्यापि आहे. अशा वस्तींत दुकान घेणाऱ्यानें तिची ऐपत जोखावी, तिचें भवितव्य विचारावें, तिच्या पाण्याची व रस्त्याची चौकशी करावी. आणि एवढें करून ती पसंत पडली, तर तिच्यांत केवळ गल्ला मांडून न बसतां तिचा एक रहिवासी म्हणून राहावें.